बॅकअप आहे म्हणताना

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून बॅकअप वाचवायचा उपाय शाळकरी पोरालाही कळेल इतका सोपा आहे. कॉपी घेऊन झाली की हार्ड डिस्क कॉम्प्युटरपासून काढायची आणि कपाटात ठेवायची. जी वस्तू वायरला नाही, वाय-फायला नाही, तिच्यापर्यंत जगातला कुठलाही हॅकर पोहोचू शकत नाही. यात मोठं ज्ञान नाही, मोठा खर्च नाही, कुणाची परवानगी लागत नाही. म्हणूनच हा विषय मला टोचतो. अवघड गोष्ट राहून गेली तर माणूस ‘मला येत नव्हतं’ म्हणून सुटतो. सोपी गोष्ट राहून जाते तेव्हा सुटायला वाट नसते.

मी सुरतेत छोट्या ऑफिसांचे आणि कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. उधना, लिंबायत, दिंडोली, रिंग रोडवरच्या कापड मार्केटातले काही गाळे. गिऱ्हाइकांत बरेच आपल्या खानदेशातले आहेत. त्यांचे वडील धुळे, नंदुरबार, जळगावकडून इथे लूमवर आले. आज त्यांच्यातल्या काहींची स्वतःची एम्ब्रॉयडरीची मशीनं आहेत. वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ठरते, महिन्यातून फेरी होते, चहा होतो, आणि निघताना शेठ हमखास विचारतात, “भाऊ, बॅकअप तर आहे ना आपला?” मी म्हणतो, “आहे शेठ, काळजी नका करू.” शेठ खरंच काळजी करत नाहीत. माझ्या एका वाक्यावर ते रात्री झोपतात. त्या वाक्यात खरं किती असतं, हे शेठ तपासणार नाहीत. त्यांना ते तपासता येत नाही. मग ते तपासायचं काम माझ्याकडेच येतं.

बहुतेक ठिकाणी काय असतं ते आधी सांगतो. टेबलाखाली सीपीयू, त्याच्या मागे यूएसबीला लावलेली एक हार्ड डिस्क, तिच्यावर धाग्याच्या तुसांचा थर. रोज रात्री ठरल्या वेळी हिशेबाचा फोल्डर आपोआप तिच्यावर कॉपी होतो. कॉम्प्युटरची डिस्क बिघडली तर ही व्यवस्था कामाला येते. चुकून फाइल उडाली तर येते. पण रॅन्समवेअर शिरलं तर ही डिस्क असून नसल्यासारखी, कारण किल्ली कुलपालाच लटकवून ठेवल्यासारखी ती आहे.

ते शिरतं कसं, हे मला पाठ आहे. घरून टॅलीतला हिशेब बघता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट उघडं ठेवलेलं असतं आणि पासवर्ड दुकानाचं नाव अधिक 123 असा असतो. किंवा ‘पेमेंट ॲडव्हाइस’ नावाची फाइल मेलवर येते आणि हिशेबाला बसलेला पोरगा ती उघडतो. शिरलेला माणूस लगेच काही करत नाही. पुष्कळदा तो काही दिवस आत नुसता फिरतो, कुठे काय आहे ते पाहतो, आणि रात्र किंवा सुट्टीचा दिवस गाठून काम उरकतो. विंडोज स्वतःसाठी जुन्या प्रती ठेवतं, त्या तो आधी पुसतो. मग सी, डी, ई, एफ अशी जी जी अक्षरं दिसतील त्या सगळ्या डिस्का आणि नेटवर्कवर शेअर केलेले सगळे फोल्डर कुलूपबंद करतो. टेबलामागची ती डिस्क त्याच्या लेखी बॅकअप नसते, फक्त एक अक्षर असते. फाइली नावाला जागेवर राहतात, शेपटाला भलतंच एक्स्टेन्शन येतं, आणि फोल्डरात खंडणी मागणारी एक टेक्स्ट फाइल येऊन पडते.

हे सगळं मला माहीत आहे. मग डिस्क लावलेलीच का राहते? शेठ ऐकत नाहीत, हिशेबाचा पोरगा विसरतो, अशी उत्तरं मी स्वतःला बरीच वर्षं दिली. ती खोटी नाहीत, पण अर्धी आहेत. उरलेलं अर्धं असं, की डिस्क लावून ठेवण्यात शेठची सोय कमी आणि माझी जास्त आहे. काढून ठेवायची म्हटली की ती परत लावायला कुणीतरी लागतं. दर आठवड्याला आठवण करायची, फोन करायचा, लावली का, कॉपी झाली का, काढली का, असं विचारत बसायचं. आपोआप होणारी कॉपी एकदा बसवून दिली की वर्षभर माझी सुटका. कॉम्प्युटरवर हिरवी टिक येते, शेठ खूश, मी मोकळा. माझी सोय मी ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकतो आणि वर त्याचे पैसे घेतो. चोरी म्हणावी इतकं हे ढळढळीत नाही. पण प्रामाणिक धंदा म्हणावा इतकं स्वच्छही नाही.

या बाबतीत 27 जून 2017 चा हल्ला मी विसरू शकत नाही. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि जगभर पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्याबरोबर आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही बंद पडलं. आमच्या भागातला माल ज्या बंदरातून बाहेर जातो, तिथली ही गोष्ट. नॉटपेट्या वरून खंडणी मागत होता, पण आतून तो नुसता नाश करणारा होता. पैसे देऊनही काही परत मिळणार नव्हतं. मर्स्कला पुढे सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

त्यातला एक तपशील माझ्या धंद्याच्या मुळाशी जातो. कुणी लॉगइन करायचं, कुणाला काय दिसणार, हे सांभाळणारे कंपनीचे सर्व्हर जगभर दीडशेच्या आसपास होते. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत, म्हणजे एक गेला तर दुसरा तयार. इतक्या प्रती असल्यावर वेगळा बॅकअप कशाला, असा हिशेब. पण सगळे जोडलेले होते म्हणून सगळे एकत्रच गेले. एकच वाचला, आफ्रिकेत घानाच्या ऑफिसातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो जाळ्याबाहेर होता. एवढ्या मोठ्या कंपनीला पुन्हा उभं राहायला त्या एका बंद पडलेल्या मशीनचा आधार झाला.

ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगत असे. पुढे माझ्याच लक्षात आलं, की मी तिच्यातून सोयीचं तेवढं उचलतो. ऑफलाइन प्रत वाचते, हे सांगतो. ती वाचली ती शिस्तीमुळे नव्हे, वीज गेली म्हणून, हे सांगताना आवाज खाली येतो. कारण माझ्या कित्येक गिऱ्हाइकांचा डेटा आजवर शाबूत आहे, त्यातही माझी शिस्त किती आणि वीज गेल्यासारखा योगायोग किती, हे मला सांगता येत नाही. काही झालं नाही, याचं श्रेय मात्र मी दर वर्षी एएमसीच्या बिलात वसूल करतो.

आम्ही सुरतेतले मराठी लोक 1664 ची गोष्ट अभिमानाने सांगतो. शिवाजी महाराजांनी औरंगजेबाच्या नाकाखालचं सर्वांत श्रीमंत बंदर लुटलं, ते स्वराज्यासाठी. तो अभिमान माझाही आहे. पण या धंद्यात पडल्यापासून त्या गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाकडे माझं लक्ष जातं. सुरतेचा मोगल सुभेदार इनायत खान. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे, की हा सुभेदार पाचशे शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून उचलत होता, आणि शिपाई ठेवले नव्हते, पैसे स्वतःच्या खिशात घातले होते. मराठे येताच तो किल्ल्यात जाऊन बसला. शहराचं रक्षण कागदावर चोख होतं. हजेरीपट होता, खर्च पडत होता, दिल्लीला वाटत होतं की सुरतेत पाचशे माणसं उभी आहेत. बाहेरून कुणी आलं नसतं तर तो हिशेब जन्मभर बरोबरच राहिला असता. पुढे शहराला तट झाला, तरी ऑक्टोबर 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली.

इनायत खानाला हसणं सोपं आहे. पण जी डिस्क लावूनच ठेवली आहे, जिच्यावरची फाइल कधी उघडून पाहिली नाही, तिच्या जोरावर मी ‘बॅकअप आहे’ म्हणतो तेव्हा मीही न ठेवलेल्या शिपायाचा पगारच उचलत असतो. फरक एवढाच, की त्याला आपण काय करतोय हे माहीत होतं. मला ते माहीत नाही, असं मी भासवतो.

बॅकअप घेणं आणि बॅकअप परत येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॉपी झाल्याचा निरोप येतो तो घेण्याचा. परत येतो की नाही, हे दुसऱ्या रिकाम्या कॉम्प्युटरवर तो फोल्डर टाकून, कंपनी उघडून, मागच्या महिन्याचं एखादं व्हाउचर वाचून पाहिल्याशिवाय कळत नाही. डिस्क गुपचूप खराब होते. कॉपी चुकीच्या फोल्डरची होत राहते, कारण मध्ये कुणीतरी डेटा दुसरीकडे हलवलेला असतो. किंवा सगळ्यांत वाईट म्हणजे कुलूपबंद झालेली फाइलच चांगल्या फाइलीवर कॉपी होऊन बसते. हे पाहायला तासभर जातो. त्या तासाचं बिल लावलं तर शेठ कुरकुरतात, नाही लावलं तर मला परवडत नाही. म्हणून तो तास बहुतेक वेळा राहतो. आणि तो राहिला हे शेठना सांगणंही राहतं. पहिलं परिस्थितीमुळे असेल, दुसरं माझ्यामुळे.

त्या डिस्कवर नेमकं कुणाचं काय आहे, हे नीट पाहिलं की ओझं आणखी वाढतं. आपण म्हणतो मालकाचा डेटा. उधारीचा हिशेब मालकाचा आहेच. सुरतेचं कापड मार्केट उधारीवर चालतं. कुठल्या गावच्या पार्टीकडे किती निघतात, त्यातले कुणी किती दिले, किती माल परत आला, हे सगळं त्यात असतं. विक्रीची बिलं जीएसटीच्या पोर्टलवरून काही अंशी पुन्हा जुळवता येतात, पण वसुलीचा धागा तिथे नसतो. हिशेब गेला तर व्यापाऱ्याला समोरच्यालाच विचारावं लागतं, “तुमच्या चोपडीत माझे किती दिसतात?” कायद्याने तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायचे असतात.

पण त्याच फोल्डरच्या शेजारी आणखी फाइली असतात. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात पंचिंग करणाऱ्या पोराची रात्र-रात्र बसून केलेली डिझाइनं असतात. एक्सेलच्या एका शीटवर कारागिरांची हजेरी, पाळ्या आणि उचल असते. कुणी ओडिशाच्या गंजामचा, कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी आपल्या शिरपूर-दोंडाईचाकडचा. शीट गेलं तर शेठचं नुकसान होतं, पण शेठकडे चार वाटा असतात. कारागिराची महिन्याची मजुरी मात्र शेठच्या आठवणीवर आणि मर्जीवर येऊन पडते. त्याच्याकडे ना पावती ना प्रत. माझ्या एएमसीच्या कागदावर त्याचं नावही नाही, आणि तरी मी ज्यांचं सांभाळतो त्यांत सर्वांत असहाय तोच आहे.

आणि नेमका इथेच माझा पंक्तिप्रपंच उघडा पडतो. मार्केटातल्या मोठ्या गाळ्यात मी आलटून-पालटून वापरायच्या हार्ड डिस्का दिल्या, फेऱ्या बांधून घेतल्या, परत उघडून पाहायचा दिवस ठरवला. लिंबायतच्या गल्लीतल्या छोट्या युनिटला मात्र तीच जुनी लावलेली डिस्क. का, तर तिथून पैसे कमी येतात. धंदा म्हणून हे समर्थनीय आहे. पण दोघांनाही निघताना मी एकच उत्तर देतो, त्याच आवाजात, तेवढ्याच खात्रीने. कमी पैशांत कमी काम देणं एक वेळ ठीक. कमी काम देऊन तेवढाच विश्वास देणं ठीक नाही.

यापेक्षा अवघड गोष्ट आहे फुकटच्या सॉफ्टवेअरची. डिझाइनिंगचं मूळ सॉफ्टवेअर छोट्या युनिटला परवडत नाही, तेव्हा क्रॅक केलेलं येतं. घरगुती आणि छोट्या कॉम्प्युटरांना छळणारं स्टॉप उर्फ डीजेव्हीयू जातीचं रॅन्समवेअर मुख्यतः याच वाटेने आलं. क्रॅक म्हणून उतरवलेल्या फाइलीतच ते असतं. मी स्वतः क्रॅक टाकून देत नाही, तसं स्पष्ट सांगतो. पण कुणीतरी टाकून देतो, आणि ते मशीन सांभाळायचे पैसे मी घेतो. दाराला भोक आहे हे मला दिसतं, ते भोक माझ्या गिऱ्हाइकाने पैसे वाचवायला पाडलं आहे हेही दिसतं, आणि मी दाराला तेलपाणी करून येतो. एएमसी सोडून द्यावी इतका मी कणखर नाही. निदान बोलून दाखवावं, एवढं तरी जमायला हवं. तेही दर वेळी जमत नाही, कारण समोरचा आपलाच, गावाकडचा.

त्या जातीचं रॅन्समवेअर जी चिठ्ठी सोडतं तिची भाषा दुकानदाराची असते. बरीच वर्षं किंमत असायची 980 डॉलर, 72 तासांच्या आत संपर्क केला तर निम्मी, 490. नमुना म्हणून एक फाइल फुकट उघडून देऊ. सवलत, मुदत, नमुना, सगळं आपल्या ओळखीचं. म्हणूनच व्यापारी माणूस तिच्याशी चटकन बोलणी करायला तयार होतो. अशा वेळी ‘पैसे देऊ नका’ असं सांगायचा रिवाज आहे, आणि तो योग्यही आहे. दिलेला पैसा पुढच्या कारखान्यावरच्या हल्ल्याचं भांडवल होतो, आणि किल्ली मिळेलच याची हमी नसते. पण ज्याच्याकडे वेगळी ठेवलेली प्रत आहे त्यालाच हा उपदेश झेपतो. ती नसेल तर मी त्याला नीती नव्हे, दिवाळखोरी सांगत असतो. म्हणजे त्याने खंडणी द्यायची की नाही, हा प्रश्न त्या दिवशी त्याच्यापुढे येतो खरा, पण त्याचं उत्तर कित्येक आठवडे आधी ठरलेलं असतं. तेव्हा डिस्क काढली होती की नाही, यावर. आणि तिथे मी होतो.

मोठ्या संस्थांचं पाहिलं तरी हेच दिसतं. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर सिनॅक नावाच्या रॅन्समवेअरचा हल्ला झाला. कामकाज कोलमडलं, पण बॅकअप वेगळ्या जाळ्यावर होता म्हणून तो सुरक्षित राहिला. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर आणि सुमारे 1.3 टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. केसपेपर हाताने लिहायची पाळी आली. शेवटी जो बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता, त्यावरून ई-हॉस्पिटलचा डेटा परत आला. 2024 च्या जुलैअखेर सी-एज या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला काही काळ आपल्या जाळ्यापासून तोडलं आणि सुमारे 300 लहान बँकांचे व्यवहार अडले. एम्सचं संसदेत सांगावं लागलं, सी-एजचं एनपीसीआयने जाहीर केलं. आमच्या मार्केटात मात्र तोंड बंद. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार सहा तासांत कळवायचा आहे. पण बाजारात पत जाईल म्हणून व्यापारी गप्प, आणि ‘याच्याकडे असलेल्या कॉम्प्युटरवर व्हायरस आला’ असं होईल म्हणून मीही गप्प. शेजारच्या गाळ्यात तसाच पासवर्ड, तसंच उघडं पोर्ट असतं. आपण बोललो असतो तर तो सावध झाला असता, हे दोघांनाही कळतं.

आता काय करतो, ते फुशारकी न मारता सांगायला हवं. जिथे जमतं तिथे दोन डिस्का, आलटून-पालटून. एक लावलेली असताना दुसरी कधीच त्या ऑफिसात नसते, कारण कॉम्प्युटर आधीच बाधित असेल तर लावलेली डिस्क त्याच क्षणी जाते. निदान दुसरी उरते. बाहेर नेलेल्या डिस्कला पासवर्डचं कुलूप, कारण दुसऱ्याचा हिशेब स्कूटरच्या डिकीत घालून फिरणं ही वेगळीच जोखीम आहे. ठेवायची ती वरच्या मजल्यावर. ऑगस्ट 2006 मध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतली कागदपत्रं किती गेली, हे जुन्या सुरतकराला सांगावं लागत नाही. जुन्या तारखांच्या प्रती एकदम पुसायच्या नाहीत, कारण शिरलेला माणूस आधीपासून आत असू शकतो.

आणि बिलावर एक रकाना वाढवला आहे. बॅकअप शेवटचा परत उघडून कधी पाहिला, ती तारीख. पाहिला नसेल तर रकाना कोरा ठेवून बिल देतो. कोरा रकाना बघून एका गिऱ्हाइकाने विचारलं, “मग पैसे कशाचे घेता भाऊ?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितलं, की इतके दिवसही हा रकाना कोराच होता, फक्त छापलेला नव्हता. त्यांनी दुसरी डिस्क घेतली नाही, मात्र आठवड्यातून एकदा जुनी डिस्क काढून घरी न्यायला लागले. काही जणांकडे अजून तेवढंही होत नाही. त्यांच्या बिलावर अंदाजाने तारीख टाकायचा मोह महिन्याअखेरीस, घाईत, दर वेळी होतो. कुणाला कधी कळणारही नाही. तो मोह आहे तोवर मी स्वतःला प्रामाणिक म्हणवून घेणार नाही. तारीख टाकत नाही, एवढंच आज म्हणू शकतो.